फिजिओथेरपी क्लिनिकच्या अपॉइंटमेंट: फुकटचं सॉफ्टवेअर की विकतचं? (प्रकल्प नोंदी, इचलकरंजी)

1 सप्टेंबर 2025, सोमवार

मॅडमनी आज काम सोपवलं. अपॉइंटमेंटची डायरी बंद करून सगळं कॉम्प्युटरवर आणायचं आणि दिवाळीनंतर नव्या पद्धतीने सुरुवात करायची. अट एकच: पेशंटला त्रास होता कामा नये. सरांचं म्हणणं असं की फुकटात इतकी सॉफ्टवेअरं मिळतात, मग पैसे कशाला घालवायचे? मॅडमचं म्हणणं, फुकटचं बंद पडलं तर कुणाला विचारायचं? दोघांचंही बरोबर आहे, म्हणून ही नोंदवही. शेवटी जे ठरेल ते का ठरलं, हे वर्षभरानेही कळलं पाहिजे.

क्लिनिकमध्ये काय काय आहे ते आधी लिहून ठेवतो. दोन फिजिओथेरपिस्ट (मॅडम आणि एक ज्युनिअर डॉक्टर), शिवाय सर, जे फक्त घरी जाऊन ट्रीटमेंट देतात. चार कॉट, दोन आयएफटी मशीन (दुखऱ्या जागी सौम्य करंट देणारी), एक ट्रॅक्शन टेबल (मान-कंबर ताणून धरणारं), एक डायथर्मी (आतपर्यंत शेक देणारं मशीन). वेळ सकाळी 9 ते 1 आणि संध्याकाळी 4 ते 9. दिवसाला साधारण 40 पेशंट.

गाव यंत्रमागाचं. पेशंट कोण, तर मागावर बारा तास उभे राहणारे कामगार, मान खाली घालून वहिफणी (मागासाठी धागे एकेक ओवण्याचं काम) करणारे, सायझिंगमध्ये (सुताला खळ लावण्याच्या कारखान्यात) बीम, म्हणजे सूत गुंडाळलेले जड रूळ, ओढणारे, आणि त्यांच्या घरातल्या गुडघे दुखणाऱ्या बायका. दिवसपाळी सुटली की सगळे एकदमच येतात.

3 सप्टेंबर, बुधवार

संध्याकाळभर रिसेप्शनवर बसलो. सॉफ्टवेअर निवडायच्या आधी हे केलंच पाहिजे असं माझं ठाम मत आहे, कारण वापरणारी व्यक्ती इथे बसते.

जवळजवळ सगळ्या वेळा फोनवर ठरतात. उरलेल्या, ट्रीटमेंट संपवून निघताना काउंटरवर. "ताई, उद्या येऊ न्हवं? पाळी सुटली की येतो." रिसेप्शनवरच्या ताई डायरीकडे न बघताच म्हणतात, "या काका, पण साडेसातला नको, ट्रॅक्शन भरलंय. आठला या."

ताईंच्या डोक्यात जे असतं ते डायरीत कुठेच नाही. कोण नेहमी उशिरा येतो, कुठल्या आजींना बाई डॉक्टरच लागतात, कुणाच्या शरीरात पेसमेकर आहे म्हणून डायथर्मी द्यायची नाही. (हे शेवटचं केस पेपरवर असतं आणि ते तिथेच राहिलं पाहिजे.)

मुख्य गोष्ट आज कळली. एक पेशंट म्हणजे एका डॉक्टरचा अर्धा तास, असा हिशोब इथे चालत नाही. पेशंट येतो, पंधरा-वीस मिनिटं शेक, तितकाच वेळ आयएफटी, मग व्यायाम. डॉक्टर लागतात ते पॅड लावताना, करंट ठरवताना आणि व्यायामाला. मशीन चालू असताना डॉक्टर दुसऱ्या कॉटवर असतात. त्यामुळे एका वेळी एक डॉक्टर तीन पेशंट सहज सांभाळतो. अडतं ते मशीनवर, आणि सगळ्यात जास्त ट्रॅक्शन टेबलवर, कारण ते एकच आहे.

म्हणजे आपल्याला वाटून द्यायची आहे ती मशीनची वेळ. बाजारातली बहुतेक अपॉइंटमेंट सॉफ्टवेअरं माणसाची वेळ वाटतात. पुढची सगळी तपासणी या एका फरकावर करायची.

9 सप्टेंबर, मंगळवार

फुकटच्यांपासून सुरुवात.

गूगल कॅलेंडर: साध्या जीमेल खात्यावर अपॉइंटमेंटचं एक बुकिंग पान फुकट मिळतं. पान देखणं आहे, पाच मिनिटांत तयार होतं. पण वेळ घेणाऱ्याला ईमेल द्यावा लागतो. आमच्या मागवाल्या काकांचा ईमेल मोबाईल घेताना दुकानदाराने काढून दिलेला असतो, पासवर्ड दुकानदारालाच माहीत. आठवण ईमेलवर गेली तर ती वाचणार कोण? विकतच्या गूगलमध्ये बुकिंगच्या वेळीच पैसे घ्यायची सोय आहे, पण ती स्ट्राइप या ऑनलाइन पैसे स्वीकारणाऱ्या कंपनीमार्फत, आणि स्ट्राइप भारतात 2024 पासून फक्त निमंत्रणावर नवीन खाती देतं. तो रस्ता बंद.

कॅलेंडली: फुकटच्या प्लॅनमध्ये भेटीचा एकच प्रकार ठेवता येतो. आम्हाला आयएफटी, ट्रॅक्शन, डायथर्मी, नुसता व्यायाम असे किमान चार लागतात. विकतचा साधा प्लॅन वर्षाचे पैसे एकदम भरले तर सीटमागे महिना 10 डॉलर, म्हणजे आजच्या भावाने एका सीटचे वर्षाला दहा हजारांच्या वर. सीट म्हणजे माणूस. मशीनसाठी सीट घेत बसलो तर हिशोब कुठच्या कुठे जाईल. इथेही ईमेल हीच पेशंटची ओळख.

एक उपयोगी गोष्ट मात्र कॅलेंडलीकडून शिकलो. आमच्या काही आजींच्या वेळा त्यांच्या दुबईतल्या किंवा अमेरिकेतल्या मुली ठरवतात. बुकिंग पान आपणहून बघणाऱ्याच्या देशातली वेळ दाखवतं. मुलीला दुबईत साडेआठ दिसले की इचलकरंजीत दहा वाजलेले असतात, आणि आजींना निरोप साडेआठचा जातो. कॅलेंडलीत प्रत्यक्ष भेटीसाठी टाइमझोन पक्का करून ठेवायची सोय आहे. हा मुद्दा तपासणीच्या यादीत घातला, सॉफ्टवेअर कुठलंही असो.

12 सप्टेंबर, शुक्रवार

सिम्पलीबुकमध्ये आम्हाला हवं ते नेमकं आहे: सेवेला साधन जोडता येतं आणि साधन मोकळं असेल तरच वेळ मिळते. पण फुकटच्या प्लॅनला महिन्याला 50 बुकिंगची मर्यादा. आमच्याकडे ती दुसऱ्याच दिवशी संपेल. झोहो बुकिंग्ज चेन्नईच्या कंपनीचं, बिल रुपयांत, पण फुकटचा प्लॅन एकाच माणसापुरता.

परदेशी सेवांबद्दल आणखी एक. रिझर्व्ह बँकेच्या 1 ऑक्टोबर 2021 पासूनच्या नियमांमुळे कार्डावरून आपोआप कापल्या जाणाऱ्या पैशांना आधी रीतसर मंजुरी लागते. डॉलरमधल्या वर्गणीचे पैसे मधेच न कापले जाण्याचे प्रकार त्यातून होतात. वर्गणी थांबली की सेवा थांबणार, आणि रिसेप्शनवर ताई एकट्या असणार. म्हणून रुपयात बिल आणि वर्षाचे पैसे एकदम, ही अट घातली.

16 सप्टेंबर, मंगळवार

आजचा दिवस इझी अपॉइंटमेंट्सला दिला. हे मुक्त स्रोत सॉफ्टवेअर आहे, म्हणजे त्याचा कोड कुणालाही फुकट घेऊन वापरता येतो (परवाना जीपीएल 3). पीएचपी आणि मायएसक्यूएल या वेबसाइटच्या नेहमीच्या साधनांवर चालतं. आपल्या सर्व्हरवर टाकायचं, कंपनीला एक पैसाही द्यायचा नाही, आणि माहिती आपल्याच ताब्यात. सरांना हेच हवं होतं.

टाकून बघितलं. ईमेल सक्तीचा न ठेवता फक्त मोबाईल नंबर घेता येतो, हे कळल्यावर फार बरं वाटलं. सुट्ट्यांचा काळ सगळ्यांसाठी एकदम बंद करता येतो. गूगल कॅलेंडरशी जुळतं.

मग खरी परीक्षा. एका सेवेला एका वेळी किती जण चालतील तो आकडा देता येतो. आयएफटीला दोन दिला, चाललं. पण त्याच डॉक्टरकडे त्याच वेळी दुसऱ्या सेवेची, म्हणजे व्यायामाची वेळ मागितली तर ती मिळत नाही. सॉफ्टवेअरच्या दृष्टीने डॉक्टर अडकलेले. आमच्या दृष्टीने ते मोकळे.

संध्याकाळी मॅडमशी बोलताना उपाय सापडला. सेवा देणारा म्हणून डॉक्टरांची नावं टाकायचीच नाहीत. "आयएफटी 1", "आयएफटी 2", "ट्रॅक्शन", "डायथर्मी" हेच सेवा देणारे. पेशंट मशीनची वेळ घेतो, डॉक्टर मशीनमागे फिरतात. बाई डॉक्टर हव्यात ही नोंद टिपेत. आठवड्याचं वेळापत्रक असं मांडून बघितलं आणि ट्रॅक्शनच्या ओळीत संध्याकाळी 7 ते 9 एकही फट उरली नाही, तर दुपारी 4 ते 6 जवळजवळ रिकामं. ताईंना हे माहीत होतंच, पण आकड्यांत पहिल्यांदाच दिसलं. मॅडम लगेच म्हणाल्या, घरात असणाऱ्या बायकांना चारनंतरची वेळ द्यायची आणि संध्याकाळ मागावरच्यांना मोकळी ठेवायची. सॉफ्टवेअर कुठलंही घेतलं तरी हा बदल होणारच. या प्रकल्पातून आत्तापर्यंत मिळालेली ही सगळ्यात मोठी गोष्ट.

म्हणजे फुकटचं सॉफ्टवेअर आमच्या कामाला बसतं. आता प्रश्न, ते चालवायचं कुणी?

26 सप्टेंबर, शुक्रवार

आठवण करून देणारे मेसेज. यात फुकट असं काहीच नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

एसएमएस: ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) 2018 च्या नियमांनुसार व्यावसायिक एसएमएस पाठवायचा तर डीएलटीवर (मोबाईल कंपन्यांच्या नोंदणी यंत्रणेवर) संस्थेची नोंदणी, हेडरची (मेसेजवर दिसणाऱ्या पाठवणाऱ्याच्या नावाची) नोंदणी आणि प्रत्येक मेसेजच्या मजकुराची नोंदणी लागते. अनेक ऑपरेटरकडे नोंदणीची फी जीएसटी धरून 5,900 रुपये. मजकुरात बदलता येणारी जागा, म्हणजे नाव किंवा वेळ, 30 अक्षरांपुरती.

मराठी मेसेजची अडचण वेगळीच. इंग्रजी एसएमएसमध्ये 160 अक्षरं बसतात. देवनागरी असेल तर 70, आणि त्यात काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार प्रत्येक वेगळा मोजला जातो. 70 ओलांडले की दोन मेसेजचे पैसे. मराठी सोडून इंग्रजीत पाठवा, असा सल्ला मिळाला. तो मला मान्य नाही. ज्यांच्यासाठी हे सगळं करतोय त्यांना वाचता आलं पाहिजे. म्हणून मजकूर कापून कापून बसवला: "उद्या सकाळी 10 वाजता तुमची वेळ आहे." हे 35 होतात. पुढे क्लिनिकचं नाव आणि फोन नंबर टाकला तरी 70 च्या आत राहतं. ट्रीटमेंटचं नाव मेसेजमध्ये नाही, आणि नकोच. फोन घरातला कुणीही उघडतो.

व्हॉट्सॲप: साधं बिझनेस ॲप फुकट आहे. तयार उत्तरं आणि लेबलं ठेवता येतात, पण पाठवायचं हाताने. आपोआप जायला हवं असेल तर एपीआय, म्हणजे सॉफ्टवेअरमधून थेट मेसेज पाठवायची सोय, त्याचे व्हॉट्सॲपची कंपनी मेटा पैसे घेते, आणि 1 जुलै 2025 पासून आकारणी प्रत्येक मेसेजमागे आहे. अपॉइंटमेंटची आठवण यूटिलिटी (कामाच्या सूचनांच्या) प्रकारात मोडते, तो दर जाहिरातीच्या मेसेजपेक्षा बराच कमी. पेशंटने मेसेज करून 24 तास झाले नसतील तर यूटिलिटी मेसेजला पैसे पडत नाहीत.

महिन्याला हजारेक मेसेज होतील. मेसेजचा खर्च मोठा नाही. नोंदण्या करणं, मजकूर मंजूर करून घेणं आणि एखादा मेसेज अडकला तर का अडकला ते शोधणं, हे काम मोठं आहे.

4 ऑक्टोबर, शनिवार

दसरा झाला. विकतच्या दोन भारतीय क्लिनिक सॉफ्टवेअरचे डेमो घेतले. दोन्ही कंपन्यांची नावं लिहीत नाही.

पहिलं स्वस्त. दिसायला उत्तम, मराठी मेसेजची सोय, डीएलटीची नोंदणी तेच करून देतात. मी विचारलं, सोडून जायचं ठरवलं तर आमच्या पेशंटची यादी आणि वेळा कशा मिळतील? उत्तर आलं, "विनंती करा, आमची टीम पाठवून देईल." किती दिवसांत, कुठल्या स्वरूपात, ते सांगता येईना. पेशंटचे फोन नंबर क्लिनिकचा जीव आहेत. ते दुसऱ्याच्या टीमच्या सवडीवर ठेवायला मी तयार नाही.

दुसरं महाग: वर्षाला 18,000 आणि जीएसटी. दिसायला थोडं जुनाट. पण खोली आणि मशीन वेगळं धरता येतं, डॉक्टर वेगळे. माहिती सीएसव्हीत (एक्सेलमध्ये उघडणाऱ्या साध्या फाइलमध्ये) उतरवून घ्यायचं बटण आहे, डेमोच्या खात्यातच दाबून बघितलं, मराठी नावं नीट आली. रिसेप्शनिस्टला मशीनचं वेळापत्रक दिसतं, केस पेपर दिसत नाही. फोन सकाळी 8 ते रात्री 9 उचलतात म्हणाले. ते खरं की नाही बघायला रात्री पावणेनऊला फोन केला. उचलला, आणि मराठीत बोलले.

जीएसटीचा मुद्दा सरांना नीट समजावून सांगितला. आरोग्यसेवेवर जीएसटी नाही, त्यामुळे आपण पेशंटकडून तो घेत नाही आणि भरलेल्याची वजावटही मिळत नाही. 18,000 म्हणजे खरे 21,240.

10 ऑक्टोबर, शुक्रवार

हिशोब समोरासमोर मांडला. स्वतःच्या सर्व्हरवरचं इझी अपॉइंटमेंट्स: सर्व्हर, डोमेन, डीएलटी आणि मेसेज मिळून पहिल्या वर्षी पंधरा हजारांच्या आसपास. दुसरं, विकतचं: 21,240, मेसेज वेगळे. फरक वाटला होता त्यापेक्षा बराच कमी. "फुकट" या बाजूला सॉफ्टवेअरची किंमत तेवढी शून्य आहे, बाकी सगळ्याचे पैसे पडतातच.

हिशोबात न आलेली बाजू माझी आहे. रोजचा बॅकअप, तो बॅकअप परत उतरतो का याची तपासणी, पीएचपीच्या नव्या आवृत्त्या, सुरक्षेचे अपडेट. मी क्लिनिकमध्ये रोज नसतो. सोमवारी सकाळी नऊला पान उघडलं नाही तर ताई मला फोन करणार, आणि मी दुसरीकडे कामात असणार. क्लिनिकमध्ये सर्व्हर कळणारा माणूस असता तर मी डोळे झाकून मुक्त स्रोत घ्या म्हणालो असतो. मुक्त स्रोताबद्दल मला मनापासून आदर आहे. पण ते निवडणं म्हणजे ते सांभाळायचा शब्द देणं, आणि इथे तो शब्द देणारं कुणी नाही.

14 ऑक्टोबर, मंगळवार

बैठक. मॅडम, सर, ताई आणि मी. ताईंना बसवाच, असा आग्रह धरला.

ठरलं ते असं. क्लिनिकसाठी विकतचं, दुसरं. सरांच्या घरोघरच्या भेटींसाठी गूगलचं फुकटचं बुकिंग पान, कारण तिथे एक माणूस आणि एक वेळापत्रक एवढंच आहे, पेशंटचे नातेवाईक ईमेल वापरणारे आहेत, आणि त्यासाठी पैसे मोजायची काही गरज नाही. सरांचा मुद्दा तेवढ्या जागी शंभर टक्के खरा ठरला.

पेशंटसाठी ऑनलाइन बुकिंगची लिंक सध्या देणार नाही. फोन चालूच राहील, ताई स्क्रीनवर बघून वेळ देतील. न येणाऱ्यांना आळा बसावा म्हणून यूपीआयवर आगाऊ पैसे घ्यावेत का, हेही निघालं. मॅडम म्हणाल्या, "आठवड्याचा पगार झाल्यावर फी देणारी माणसं आहेत ती. आगाऊ मागितले तर येणंच बंद करतील, आणि पाठ तशीच घेऊन मागावर उभी राहतील." विषय तिथेच संपला आणि तो तसाच संपायला हवा होता.

ताईंनी एकच विचारलं, "लाइट गेली तर?" म्हणून रोज सकाळी आणि दुपारी त्या दिवसाची यादी छापायची. प्रिंटरचा कागद खर्चात धरला.

23 ऑक्टोबर, गुरुवार

भाऊबीज. क्लिनिक बंद आहे, तेवढ्यात मशीनं, वेळा आणि सुट्ट्या भरून ठेवल्या. पेशंटची जुनी नावं डायरीतून घेताना एकच माणूस तीन तऱ्हेने लिहिलेला सापडतो, म्हणून ओळख मोबाईल नंबरवरून. एका नंबरवर घरातले तिघे असू शकतात, ते सॉफ्टवेअरला चालतं, तपासलं. इझी अपॉइंटमेंट्सची चाचणी काढून टाकली, डेटाबेससकट. अपडेट न होणाऱ्या सर्व्हरवर लोकांचे नंबर पडून राहणं बरं नाही.

27 ऑक्टोबर, सोमवार

सुरू. डायरी आणि स्क्रीन दोन्ही. ताईंना पहिल्या तासात दुप्पट काम झालं, पण संध्याकाळच्या गर्दीत ट्रॅक्शनची वेळ विचारणाऱ्यांना त्या पानं न उलटता उत्तर देत होत्या.

7 नोव्हेंबर, शुक्रवार

कंपनीने सुचवलेला मोठा बदल नाकारला. पेशंट एक मशीन सोडून दुसऱ्यावर जाताना प्रत्येक वेळी बटण दाबायचं, म्हणजे अहवाल छान येतात. ज्युनिअर डॉक्टरांचे हात तेव्हा जेलने भरलेले असतात. अहवालासाठी ट्रीटमेंट थांबवायची नाही.

डीएलटीवर मजकूर मंजूर झाला. मराठी आठवण आजपासून आदल्या दिवशी संध्याकाळी जाते. एका वहिफणीवाल्या मावशींनी फोन करून विचारलं, "तुमचा मेसेज आलाय, उद्या नक्की यायचं न्हवं?" त्यांना वाचता आला.

17 नोव्हेंबर, सोमवार

डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा 2023 चा, त्याचे नियम गेल्या शुक्रवारी, 14 तारखेला आले. मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला 18 महिने आहेत, पण आत्ताच बसून घेतलेलं बरं. सुरक्षेत हयगय झाल्यास दंड 250 कोटींपर्यंत जाऊ शकतो. आपल्यासारख्या लहान क्लिनिकला त्या आकड्याने घाबरून जायचं कारण नाही, मात्र माहिती कमी ठेवली की काळजीही कमी राहते. अपॉइंटमेंटच्या नोंदीत नाव, मोबाईल आणि मशीन, इतकंच. दुखणं काय, ते केस पेपरवर.

माहिती कशासाठी घेतो हे सांगणारी सूचना संविधानाच्या आठव्या परिशिष्टातल्या भाषेत मिळण्याची सोय द्यावी लागते. आपण ती मराठीत लिहून काउंटरवर लावू. मसुदा मॅडमकडे दिला. ज्यांना वाचता येत नाही त्यांना ताई वाचून दाखवतील. कंपनीकडून लेखी मागवलं आहे: माहिती कुठे साठवतात, करार संपल्यावर किती दिवसांत पुसतात, गळती झाली तर आपल्याला किती तासांत कळवतात.

29 नोव्हेंबर, शनिवार

आज डायरी बंद केली. ताईंनीच सांगितलं, आता लागत नाही.

महिनाअखेरची सीएसव्ही उतरवून घेतली, उघडून बघितली, क्लिनिकच्या वेगळ्या ड्राइव्हवर ठेवली. हे दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी ताई करतील, पायऱ्या लिहून कीबोर्डजवळ लावल्या आहेत. कंपनीचं लेखी उत्तर पहिल्या दोन मुद्द्यांवर आलं, गळतीबद्दल अजून नाही. सोमवारी फोन करायचा. उत्तर न आल्यास पुढच्या वर्षीचं नूतनीकरण त्यावर अडवायचं, मॅडमची संमती घेतली आहे.

दुपारच्या 4 ते 6 मध्ये ट्रॅक्शनला आता निम्म्याच्या वर वेळा भरलेल्या असतात. दुसरं टेबल घ्यायचा विचार मॅडमनी पुढच्या दिवाळीपर्यंत लांबवला.